दामले मास्तरांची एक जून

व्हिजिटर व्हिसावर आलेल्या माणसाला अमेरिका सहाच महिने ठेवून घेते. माझ्या वडिलांना ओळखणारं कुणीतरी त्या खात्यात बसलेलं असणार, असं मला अलीकडे वाटायला लागलं आहे.

मार्च २००६ मध्ये बाबा साताऱ्याहून सनीव्हेलला आमच्याकडे आले ते एकच काम घेऊन. त्यांचे थोरले भाऊ मोरेश्वरकाका १९५० साली इंजिनिअरिंग शिकायला ओहायोला गेले. एकसष्ट सालापर्यंत पत्रं यायची, मग बंद झाली. का, ते बाबा कधी सांगत नसत. पितृपक्षात ते सगळ्यांची पानं वाढायचे, फक्त काकांचं नाही. तिथी माहीत नसेल तर सर्वपित्री अमावास्येला करून टाका, असं गुरुजींनी दहा वेळा सांगितलं. बाबांचं उत्तर ठरलेलं, "दादा गेला असं मी कशावरून म्हणू? कागद दाखवा."

तो कागद काढायचं काम माझ्या गळ्यात पडलं. परतीचं तिकीट पाच सप्टेंबरचं होतं आणि पितृपक्ष आठ तारखेला लागत होता.

इथे मयत लोकांची एक सरकारी यादी असते. अर्ज केला की नाव आहे की नाही ते कळवतात. पण जोशी या देशात पोत्यानं आहेत, म्हणून अर्जात जन्मतारीख लागतेच. बाबांनी काकांची पत्रिका हळदीच्या डागांसकट बरोबर आणली होती. चष्मा लावून त्यांनी वाचून दाखवलं, "शके अठराशे अठ्ठेचाळीस, कार्तिक शुद्ध अष्टमी. तेरा नोव्हेंबर सव्वीस. लिही."

मी लिहिलं. पाच आठवड्यांनी उत्तर आलं, या नावाची आणि या जन्मतारखेची नोंद नाही. मग नागरिकत्वाच्या दप्तराकडे अर्ज केला. त्यांचा फॉर्म चार पानी होता आणि फोन केला तर चाळीस मिनिटं सनई ऐकवावी तसं संगीत ऐकवत. सात आठवड्यांनी तिकडूनही तेच उत्तर. बाबा रोज अकरा वाजता खाली पोस्टाच्या पेटीपाशी जाऊन उभे राहायचे आणि मी ऑफिसमधून आले की माझ्याकडे असं बघायचे, जणू काकांना मीच कुठेतरी लपवून ठेवलं आहे.

"नीट लिहितेस ना फॉर्म?" एकदा त्यांनी विचारलंच.

"यार, सुवर्णा, चिडू नकोस," यतीन, माझा नवरा, आतून म्हणाला. तोवर माझं चिडून झालं होतं.

जुलैत बाबांचा मेडिकल इन्शुरन्स रिन्यू करायचा होता. त्यासाठी त्यांचा पासपोर्ट उघडला तर त्यावर जन्मतारीख एक जून.

"बाबा, तुमचा वाढदिवस आपण संक्रांतीला करतो ना?"

"तो खरा. हा शाळेतला. शाळा जूनमध्ये सुरू व्हायची, म्हणून दामले मास्तर सरसकट सगळ्यांना एक जून लावायचे. आणि पासपोर्ट शाळेच्या दाखल्यावरून होतो."

मी पेन खाली ठेवलं. "आणि काकांचं नाव शाळेत कुणी घातलं?"

"दामले मास्तरांनीच. दुसरं होतं कोण?"

"म्हणजे काका एक जूनच्या पासपोर्टवर इथे आले. आणि मी तीन महिने नोव्हेंबर लिहून पाठवतेय."

"तू जन्मतारीख विचारलीस," बाबा शांतपणे म्हणाले. "मी जन्मतारीख सांगितली."

मी दिवसभर दुसऱ्यांच्या प्रोग्रॅममधल्या चुका शोधते, त्याचाच मला पगार मिळतो. त्या दिवशी तो परत करावा असं वाटलं.

नवा अर्ज गेला. ऑगस्टच्या सुरुवातीला उत्तर आलं. एम. एस. जोशी, जन्म १ जून १९२६, मृत्यू मार्च १९७९, ओहायो.

बाबांनी तो कागद दोनदा वाचला. मला वाटलं आता रडतील. ते म्हणाले, "तारीख कुठाय? नुसत्या महिन्याची तिथी कशी काढायची?"

"जुन्या नोंदींना महिनाच असतो, बाबा."

"मग ज्यांच्याकडे तारीख आहे त्यांना विचार."

म्हणजे ओहायो, म्हणजे तिथली काउंटी, म्हणजे आणखी एक फॉर्म. मृत्यूचा दाखला आला तेव्हा बाबांच्या बॅगा भरून झाल्या होत्या. पाकीट मीच फोडलं. ९ मार्च १९७९, हृदयविकार. मी संगणकावर पंचांग काढून फाल्गुन शुद्ध एकादशी असं बाबांना सांगितलं आणि सुटलो एकदाचे असं मनात म्हटलं. तेवढ्यात वरच्या ओळीतली जन्मतारीख दिसली. तेरा नोव्हेंबर.

"आता हे काय? एक ऑफिस जून म्हणतं, दुसरं नोव्हेंबर! परत यांना विचारा, बरोबर कोण ते." माझा आवाज चढला होता.

"विचारू नकोस," बाबा म्हणाले. त्यांचं बोट त्या तारखेवर होतं. "पासपोर्टवर जून, पदवीवर जून, नोकरीत जून. हे कुणी सांगितलं यांना?"

दाखल्यावर खाली माहिती देणाऱ्याचा रकाना असतो. त्यात लिहिलं होतं, डॉरथी जोशी. नातं, पत्नी.

बाबांनी त्या नावावरून बोट फिरवलं. मग म्हणाले, "त्यानं लिहिलं होतं एकसष्टला, इथल्या मुलीशी लग्न करतोय म्हणून. वडिलांनी उत्तर दिलं, तू आम्हाला मेलास. ते पत्र पोस्टाच्या पेटीत मी टाकलं होतं." चष्मा काढून त्यांनी डोळे पुसले. "मला वाटायचं, जवळ कुणीच नसताना गेला असेल."

मी म्हटलं, "तिथी मिळाली ना, बाबा. आता पान वाढा."

"वाढीन. आधी वहिनींना पत्र टाकतो. पत्ता शोध."

"पाच दिवसांत? बाबा, मला त्यांची जन्मतारीखसुद्धा माहीत नाही."

"मग आडनावावरून शोध," बाबा म्हणाले. "जोशीच आहेत त्या."