एका मिनिटात खुर्ची

गेलं वर्षभर डॉक्टरबाई कुठेही बसायच्या आधी खुर्चीला तळहात लावून बघायच्या. दाबायच्या, जराशी हलवायच्या आणि मग बेताबेतानं टेकायच्या. कुणाच्या घरी गेल्या की सोफ्याचा भिंतीकडचा कोपरा पकडायच्या. कुणी प्लास्टिकची खुर्ची पुढे सरकवलीच, तर म्हणायच्या, "नको हो, दिवसभर बसूनच असते." दातांच्या डॉक्टर त्या. सकाळ-संध्याकाळ लोकांना "बसा, अजिबात घाबरू नका" म्हणण्यात त्यांची वीस-पंचवीस वर्षं गेलेली. आणि आता त्याच बाई खुर्चीला घाबरायला लागल्या होत्या.

त्याला कारण होतं. मोटरसायकलवाल्यांचा त्यांचा एक कंपू आहे, दरवर्षी गाड्यांना तंबू बांधून तळ्याकाठी मुक्कामाला जाणारा. बाईसुद्धा जायच्या. नवऱ्याच्या मागे बसून नव्हे हं! स्वतःची गाडी, स्वतःचं हेल्मेट, आणि घाटात नवऱ्याच्या दोन वळणं पुढे. तर मागच्या वर्षी जेवणाची ताटं वाढून झाली, बाई आपल्या घडीच्या खुर्चीत बसल्या, आणि कडाड्कन आवाज होऊन खुर्चीसकट मागे कोसळल्या. ताट छातीवर, भात केसांत, पाय आभाळात.

सगळे आधी हसले. ते चाललं असतं. बाई स्वतःही हसल्या असत्या. पण नंतर सगळे एकदम मायाळू झाले, तिथे घोटाळा झाला. कंपूतला लंबू खाली बघत म्हणाला, "हल्ली खुर्च्यांत काही दम राहिला नाही." त्याची बायको कुठूनशी एक चपटी शिळा लोटत घेऊन आली आणि अगदी मनापासून म्हणाली, "वहिनी, तुम्ही यावर बसा. ही कुठे मोडतेय!"

बाई त्या शिळेवर दोन दिवस बसल्या. हसणं परवडलं, पण ही माया नको, असं त्यांना झालं.

घरी आल्यावर नवऱ्याची माया सुरू झाली. हे गृहस्थ कुरिअरचं ऑफिस चालवतात. अंगानं काडी, पण हाताला असा वेग की कंपूत त्यांना झटपटराव म्हणतात. पार्सल झटपट, चहा झटपट, भांडण झटपट आणि समेटही झटपट. त्यांनी घरातली साखर हद्दपार केली आणि सहा महिने उकडलेल्या भाज्या स्वतःही गुमान खाल्ल्या. शेवटी एक लोखंडी खुर्ची आणली. "हत्ती बसला तरी मोडायची नाही," असं मोठ्या उत्साहानं म्हणाले, आणि मग आपण काय बोललो ते त्यांच्या लक्षात आलं.

ती खुर्ची मोटरसायकलवर बांधली की मागचं चाक झोकांड्या खायचं. म्हणजे तीही गेली. बाईंनी मनाशी ठरवून टाकलं, पुरे झालं. कंपूला त्या म्हणाल्या, गुडघे दुखतात. गाडी विकायला काढली, रविवारी एक गिऱ्हाईक बघायला येणार होतं. गेल्या आठवड्यात त्यांनी गाडी धुतली, टाकीवरून फडकं फिरवलं आणि दार लावून न्हाणीघरात रडून घेतलं. गाडी गेली की पुन्हा घेणं होणार नाही, हे त्यांना पक्कं ठाऊक होतं. या वयात सोडलेली गोष्ट सुटतेच.

शनिवारी झटपटराव म्हणाले, "माझ्यासाठी एक हलकी खुर्ची बघायची आहे. तू नुसती चल."

"माझं काय काम तिथे?"

"माझी निवड भिकार असते, असं तूच म्हणतेस ना?"

बाईंनी चपला घातल्या.

तंबू, दोर, कंदील असल्या सामानाचं दुकान होतं. मालकीणबाई चष्मा कपाळावर चढवून हिशेब करत होत्या. त्यांनी एक पिशवी काढून दिली, पाण्याच्या बाटलीएवढी. डॉक्टरबाईंनी ती तळहातावर तोलून बघितली. किती हलकी! ही गाडीवर बांधली तर कळणारसुद्धा नाही. पिशवीवर लिहिलं होतं, एकशे वीस किलोपर्यंत चालेल. बाई त्याच्या बऱ्याच अलीकडे होत्या. पण मागच्या खुर्चीवरही असंच लिहिलेलं होतं की! लिहायला काय जातं?

"इकडे आण, एका मिनिटात खुर्ची!" झटपटरावांनी बाह्या सारल्या. नळ्या हवेत झटकल्या. आतून रबरी दोरी ओवलेली असते, त्यामुळे त्या आपोआप एकमेकींत आणि मधल्या सांध्याच्या खोबणीत जाऊन बसतात. निदान बसायला हव्यात. कापडाचे चार कोपरे चार टोकांवर खेचले, आणि खुर्ची तयार. "बस."

"तुझ्यासाठी घ्यायची आहे ना? तू बस."

"अगं, एकदा टेकून तर बघ."

मालकीणबाई बघत होत्या. सवयीनं त्यांनी हात लावला. दाबलं. आणि हात तिथेच थांबला.

डावा कोपरा जरा उंच लागला. किती? केसाएवढा. दुसऱ्या कुणाला कळलाही नसता. पण ज्या बोटांनी आयुष्यभर लोकांच्या दातांवर कॅप बसवल्या, त्यांना केसाएवढं उंच म्हणजे डोंगर. कॅप बसवून झाली की पेशंट म्हणतो, "उंच लागतंय." मग कितीही घाई असली तरी ती काढायची आणि पुन्हा बसवायची. कारण धड न बसलेली कॅप पहिल्याच घासाला काठाशी तडकते. त्यात दोष घासाचा नसतो.

बाई चटकन वाकल्या. खुर्ची उलटी केली. एक नळी खोबणीत उतरलीच नव्हती, काठावर अडकून बसली होती. वरून कापडानं ताणून धरल्यामुळे सगळं कसं झकास दिसत होतं.

त्यांना मागच्या वर्षीची खुर्ची आठवली. कापड फाटलं नव्हतं. नळी कुठे वाकली नव्हती. फक्त एका टोकाला, अगदी काठाशी, उभी चीर होती. वर्षभर ती चीर त्यांच्या डोळ्यांसमोर होती, पण त्यांनी तिच्याकडे डॉक्टरच्या नजरेनं एकदाही बघितलं नव्हतं. लाज वाटत असली की माणूस नीट बघतच नाही.

"मागच्या वर्षी माझी खुर्ची कुणी जोडली होती?" त्यांनी शांतपणे विचारलं.

"मीच की! तू तंबूचे खुंटे ठोकत होतीस. म्हटलं तुझं काम तेवढंच..."

"एका मिनिटात?"

"एकसुद्धा लागला नसेल," झटपटराव अभिमानानं म्हणाले.

बाईंनी खुर्ची होती तशीच सरळ करून ठेवली. "बस," त्या म्हणाल्या. आवाज थेट दवाखान्यातला. "अजिबात घाबरू नकोस."

"मी कशाला घाबरू? माझं वजन ते काय..."

आणि तो काडीएवढा माणूस ऐटीत बसला. कडाड्कन आवाज झाला. पुढच्या क्षणी झटपटराव जमिनीवर, पाय आभाळात, आणि दोरांची एक भेंडोळी त्यांच्या डोक्यावर.

मालकीणबाईंचा चष्मा कपाळावरून नाकावर आला. "अगंबाई! ही तुम्हाला घ्यावीच लागेल हो आता."

"घेते ना! ही घेते आणि आणखी एक घेते," डॉक्टरबाई म्हणाल्या आणि हसायला लागल्या. इतक्या हसल्या की काउंटरला धरून उभं राहावं लागलं. हसता हसता डोळ्यांतून पाणी यायला लागलं आणि ते काही थांबेना. चोर सोडून संन्याशाला फाशी, असं वर्षभर चाललं होतं, आणि फाशी देणाऱ्या त्या स्वतःच होत्या. त्यांचा जीव भांड्यात पडला. वर्षभर अधांतरी लटकत होता बिचारा.

झटपटराव मात्र उठले नाहीत. जमिनीवर बसूनच तुटलेली नळी बघत होते. तीच उभी चीर, तिथेच. त्यांनी चिरेवरून सावकाश बोट फिरवलं.

"म्हणजे मी पाडलं तुला," ते म्हणाले. "आणि वर तुला साखर बंद केली."

"आणि हत्ती म्हणालास."

"हत्ती म्हणालो." त्यांचा चेहरा रडवेला झाला. "तू गाडी विकायला काढलीस, तेव्हा मला कळत होतं गं, गुडघ्याचं खोटं आहे ते. पण बोलायला तोंड कुठे होतं? म्हणून तुला इथे आणलं."

बाईंनी हात देऊन त्यांना उठवलं. मग दुकानाच्या पायरीवर उभं राहून गिऱ्हाइकाला फोन लावला. "उद्या येऊ नका. गाडी विकायची नाही." पलीकडचा माणूस भाव वाढवायला लागला, तेव्हा त्या म्हणाल्या, "अहो, भावाचा प्रश्नच नाही. मालकीण बरी झाली."

तळ्याकाठी यंदा खुर्च्या जोडायचं काम डॉक्टरबाईंकडे होतं. त्यांनी प्रत्येक नळी खोबणीत टक् असा आवाज येईपर्यंत दाबली, प्रत्येक कोपऱ्यावरून बोट फिरवलं. लंबू वैतागला. "वहिनी, जेवण थंड होतंय!" पण त्या "बसा" म्हणेपर्यंत कुणाची बसायची टाप नव्हती. सगळे ताटं घेऊन रांगेत उभे.

तेवढ्यात लंबूची बायको मागच्या वर्षीची ती शिळा शोधून लोटत घेऊन आली. बिचारी घामाघूम झाली होती. "वहिनी, तुमची जागा."

झटपटराव पुढे आले. "ती जागा माझी आहे," ते म्हणाले, आणि मागच्या वर्षीची खुर्ची कुणी कशी जोडली होती, दुकानात कोण कसं पडलं, सगळं सांगून टाकलं. पाय कसे वर गेले तेसुद्धा करून दाखवलं. या खेपेला मात्र त्यांनी सावकाश सांगितलं, काही गाळलं नाही. मग शिळेवर जाऊन बसले.

कंपू पोट धरधरून हसला. लंबूची बायको तोंडावर हात ठेवून म्हणाली, "वहिनी, आणि मी तुम्हाला दोन दिवस दगडावर बसवलं!"

"असू दे गं. यांना चार दिवस बसवू," डॉक्टरबाई म्हणाल्या. त्यांनी ताट हातात घेतलं, बोलता बोलता मागे न बघता, खुर्चीला हातसुद्धा न लावता सरळ बसल्या, आणि म्हणाल्या, "मीठ कुणीतरी इकडे द्या."