सकाळच्या तर्जनीचं बळ

सिंगापूरमधल्या हौगांगच्या फ्लॅटमध्ये जेवणाच्या टेबलावर सहा वस्तू होत्या: बळ मोजायचं यंत्र, ते टेबलाच्या कडेला आवळणारा शिकंजा, बोट अडकवायचा लोखंडी आकडा, त्यावर गुंडाळायची पट्टी, वही आणि वर्ध्याच्या बंदूकवाल्या दुकानदाराच्या मेसेजची छापील प्रत. यंत्र गार्गीने आंग मो किओच्या आपल्या लॅबमधून सही करून आणलं होतं. लॅबमध्ये त्यावर बटणं दाबायला किती जोर लागतो ते तपासत. इथे संजीवनीआत्याचं बोट तपासायचं होतं.

चार महिन्यांपूर्वी वर्ध्याबाहेरच्या घरात पहाटे तिघे शिरले. त्यांनी आत्याला आणि दीनानाथकाकांना खुर्च्यांना बांधलं. काका खुर्चीतच गेले. त्यांचं परवान्याचं रिव्हॉल्व्हर कपाटात होतं, ते आता पोलिसांकडे जमा होतं. आत्याला त्याच घरात परत जाऊन एकटीने राहायचं होतं. तिच्या मुलाला, प्रबोधला, ते नको होतं. शेवटी ठरलं ते असं: हाताला झेपेल असं हत्यार सापडलं तर परवान्यासाठी अर्ज करायचा आणि जायचं, नाहीतर घर विकून इथेच प्रबोधकडे राहायचं.

दुकानदाराने पिस्तूलही सुचवलं होतं. त्याचा चाप हलका, पण आधी वरचा भाग चिमटीत धरून मागे खेचावा लागे. संधिवाताने वाकलेल्या बोटांना दीड किलोही खेचवेना, म्हणून गार्गीने ते खोडलं. काकांच्या रिव्हॉल्व्हरला फक्त चाप ओढायचा होता, मात्र त्याला पाच किलो लागत. मागचा घोडा आधी अंगठ्याने मागे घेतला तर चापाला कमी जोर लागतो, पण आत्याचा अंगठा सांध्यातून बाहेर वळला होता.

काल दुपारी उजव्या तर्जनीने तीनदा ओढून झालं होतं. ५.४, ५.६, ५.३.

"जमलं की," गार्गी म्हणाली.

"काय जमलं? गोळी घेऊन, गरम पाण्यात हात शेकून, भरदुपारी दोन वाजता. ते तिघे काय माझे हात मोकळे होईपर्यंत ओट्यावर बसणार होते?"

मोजमाप कुठल्या वेळेचं, हा पहिला प्रश्न. गार्गीने तो विचारलाच नव्हता.

"उद्या उठल्या उठल्या मोज. चहाच्या आधी," आत्या म्हणाली.

"पास झालीस ना आई, मग परत कशाला परीक्षा?" प्रबोध म्हणाला. "आकडा आला तेव्हा माझं तोंड बघायला हवं होतंस."

"तुझं तोंड चाळीस वर्षं बघतेय."

गार्गी रात्री सोफ्यावरच झोपली. सकाळी आत्या येऊन बसली तेव्हा तिची बोटं तळहाताकडे वळलेली होती. गार्गीने ती एकेक करून सोडवली, तर्जनी आकड्यात अडकवली आणि यंत्र शून्यावर आणलं. प्रबोध दाराशी उभा होता.

"ओढ, आत्या."

"ओढतेच आहे."

३.२.

दुसऱ्या वेळी तिने पाय जमिनीवर रोवले. ३.१. तिसऱ्या वेळी डोळे मिटले. ३.०.

"अजून एकदा घे की," प्रबोध म्हणाला.

"तीनच ठरले होते," आत्या म्हणाली. "लिही गं."

गार्गीने लिहिलं: पाच वाजून बावन्न मिनिटं, उजवी तर्जनी, सरासरी ३.१ किलो.