तळ्याकाठची बारा झाडं

माझं काम सांगितलं की लोक हसतात. झाडाच्या सालीवर राखाडी-हिरवे पापुद्रे दिसतात ना, लायकेन, ते मी मोजते. तारेची जाळी छातीच्या उंचीवर खोडाला टेकवायची आणि किती चौकोनांत लायकेन आहे ते वहीत लिहायचं. हवेत धूर वाढला की ते मरायला लागतं. माझे भावोजी मला ‘पापुद्रेबाई’ म्हणतात.

ताई आणि भावोजी गावातल्या धूर सोडणाऱ्या भट्टीमागच्या गल्लीत राहतात. भावोजींना चार वर्षांपासून दमा आहे. आता जिना चढताना ते दोनदा थांबतात. भट्टी गावाबाहेर हलवायची की नाही, यावर सुनावणी होती, आणि गल्लीकडे पुरावा एकच होता: माझी पाच वर्षांची वही. गल्लीतल्या बारा झाडांवरचं लायकेन संपलं होतं. भट्टीपासून लांब, तळ्याकाठच्या बारा झाडांवर ते जसंच्या तसं होतं.

भट्टीच्या वकिलाने आवाजही चढवला नाही.

“तळ्याकाठी हवा दमट असते?”

“हो.”

“आणि गल्लीत?”

“कोरडी. रस्ता रुंद केल्यापासून सावलीही नाही.”

“कोरड्या उन्हानेही लायकेन मरतं?”

“मरू शकतं.”

“मग इथे कशाने मेलं? धुराने की उन्हाने?”

तुलनेसाठी जागा शोधताना मी सगळ्यांत स्वच्छ हवेची जागा निवडली होती. निवडायला हवी होती गल्लीइतकीच कोरडी, पण धूर नसलेली. हे मी विद्यार्थ्यांना पहिल्याच आठवड्यात शिकवते.

मागच्या बाकावरून ताई माझ्याकडे बघत होती. तिला माझ्याकडून एकच शब्द हवा होता. तो बहुधा खराही होता.

“या नोंदींवरून सांगता येणार नाही,” मी म्हणाले.

अधिकाऱ्यांनी तीन वर्षांच्या नव्या नोंदी मागितल्या आणि फाइल मिटली.

घरी ताईने चहाचा कप माझ्यापुढे आदळला. “धुराने, एवढं म्हणाली असतीस तर जीभ झडली असती तुझी?”

“ताई, वकिलाने ‘कशावरून?’ हा पुढचा प्रश्न विचारलाच असता.”

“अगं, तिला कशाला बोलतेस? भट्टी काय तिने पेटवलीय?” भावोजी म्हणाले. मग दम घेऊन माझ्याकडे वळले. “तीन वर्षं काय, पापुद्रेबाई? तोवर मी भिंतीवर असेन. फ्रेममध्ये.”

स्वतःच्याच विनोदावर ते हसले. हसण्याचा खोकला झाला. ताई पंप आणायला धावली. मी पाण्याचा ग्लास हातात धरून उभी राहिले. तो त्यांना द्यावा असा क्षण आलाच नाही.

रविवारी मी तळ्याकाठून लायकेन असलेल्या फांद्या आणल्या. निम्म्या जुन्या माळावर बांधल्या. तिथे गल्लीइतकंच ऊन आहे आणि धूर नाही. उरलेल्या फांद्या गल्लीतल्या झाडांना बांधल्या, दोन्हीकडे शेजारी आर्द्रता मोजणारी डबी लावली. भावोजी पायरीवर बसून बघत होते.

“किती सुकलंय गं ते. जरा पाणी मारू?”

“नको. मग काहीच कळणार नाही.”

ताई दारात येऊन उभी राहिली. “म्हणजे आता हे मरतंय का, ते बघत बसायचं?”

“हो.”

भावोजींनी ते ऐकलं असणार. मी गाठ पुन्हा एकदा ओढून पाहिली. ती घट्टच होती.