एक ओळ जास्त होती

सालेहाबाई दारात उभ्या राहिल्या तेव्हा दीड वाजला होता. लातूरला चार वाजता छपाई सुरू होणार होती. त्या सकाळच्या गाडीनं मुखेडहून नांदेडला आल्या होत्या आणि त्यांच्या हातात स्वतःच्याच पुस्तकाचं शेवटचं प्रूफ होतं.

मी त्यांना याआधी पाहिलं नव्हतं. मुद्रितशोधकाची आणि लेखकाची गाठ सहसा पडत नाही, आणि मला ते बरंच वाटतं. माझं बोलणं समासात, पेन्सिलीनं. समोर माणूस आला की मला शब्द सुचत नाहीत.

“तुम्हीच गुरुजी?”

“म्हणतात तसं.” मी कधी शाळेत शिकवलं नाही. छापखान्यातल्या लोकांनी दिलेलं ते नाव आहे.

“मी सालेहा. सलीम जिल्दसाजची मुलगी.” त्या बसल्या नाहीत. प्रूफ उघडून त्यांनी पान माझ्यासमोर धरलं. “हे काय हाय, सर? ‘अब्बांनी मदत केली.’ मदत? तीन महिने आमच्या घरात पाय ठेवायला जागा नव्हती. दोरीवर पुस्तकं, खाटेवर पुस्तकं. मी आठवीत होते. शाळेतून आलं की हातपंख्यानं पानांना वारा घालायचा, हेच काम.”

पुस्तक त्यांच्या वडिलांवर होतं; ते पुस्तकबांधणी करत. पस्तीसेक वर्षांपूर्वी गावच्या ग्रंथालयात पुराचं पाणी शिरलं, सातशे पुस्तकं भिजली, आणि सलीम जिल्दसाजांनी ती पान न् पान सोडवून, वाळवून पुन्हा बांधली, असं त्यांनी लिहिलं होतं. मी माझ्या सवयीप्रमाणे पडताळणी केली. माझ्याकडे शब्दकोशांबरोबर जुनी पंचांगं आहेत, एसटीची वेळापत्रकं आहेत, गावोगावच्या स्मरणिका आहेत. लेखकानं मंगळवार लिहिला तर तो मंगळवारच होता का, हे मी पाहतो. त्या ग्रंथालयाच्या स्मरणिकेत हे काम ग्रंथपाल माधवरावांनी केल्याचं छापलेलं होतं. मी समासात लिहिलं, ‘स्मरणिका, पृ. ४१ पाहावे. लेखिकेची चूक?’ एवढंच. लातूरचे प्रकाशक शिवकुमार यांनी त्यावरून मजकूर बदलला. मुख्य काम माधवरावांचं, सलीमभाईंची मदत.

“मी फक्त शंका विचारली होती,” मी म्हणालो.

“तुमची शंका आमच्या घरात येऊन बसली ना. अब्बांना मीच वाचून दाखवलं. दोन दिवस झाले, गप्प हायत. काल म्हणले, छापलेलं हाय म्हंजे तसंच असंल, मलाच आठवत नसंल. चौऱ्याऐंशी वर्षांचा माणूस स्वतःच्या हातांवर शक घेऊन राहिलाय, सर. रविवारी ग्रंथालयात प्रकाशन हाय. त्यांना पुढं बसवायचं. काय म्हणून बसवू?”

माझी पत्नी इंदू पाण्याचा तांब्या घेऊन आली आणि माझ्याकडे बघत उभी राहिली. मी खाली पाहिलं.

“स्मरणिकेत हे लिहिलं कुणी?” सालेहाबाईंनी विचारलं.

“ग्रंथालयाच्या चिटणीसांनी. ते आता नाहीत.”

“आणि प्रूफं कुणी बघितली?”

“मीच.” स्मरणिका नांदेडच्याच छापखान्यात झाली होती.

“मग कच्चा कागद असंल तुमच्याकडं. बघा तरी.”

मागच्या खोलीत मी जुन्या प्रुफांचे गठ्ठे ठेवतो. पाठकोरा कागद लिहायला कामी येतो, आणि खरं सांगायचं तर टाकवत नाहीत. मी चटईवर बसून एकेक सुतळी सोडू लागलो. मनात निश्चिंत होतो. मला स्वतःबद्दल सदा शंका असते, पण छापून झालेल्या पुस्तकाबद्दल कधी आली नव्हती.

स्मरणिकेचा गठ्ठा पाचवा निघाला. एकेचाळिसावं पान पिवळं पडलं होतं. त्यावर तीन ओळी अशा होत्या:

‘माधवरावांनी भिजलेले सातशे ग्रंथ बाहेर काढले.

ते सर्व जिल्दसाज सलीम यांच्या घरी नेण्यात आले. सलीम यांनी

तीन महिने खपून पान न् पान सुटे केले व ग्रंथ पुन्हा बांधले.’

मधल्या ओळीवर लाल शाईची सरळ रेघ होती. बाजूला काढून टाकण्याची खूण, आणि खूण माझी.

मग सगळं आठवलं. छपाईचे खिळे जुळवणारा ग्यानोबा हातात जुळणीची काडी धरून माझ्या टेबलाशी आला होता. “गुरुजी, एकेचाळिसावं एका ओळीनं वर जाऊन राहिलं. काय काढू?” पान बसत नव्हतं. पुढची पानं बांधून झाली होती. मी अशी ओळ शोधली की ती काढल्यावर वरचं वाक्य खालच्याला बेमालूम जुळेल. जुळलं. चिटणीसांना विचारायला गावाला कोण जाणार? ग्यानोबा म्हणाला होता, “तुमचा हात म्हंजे हात हाय, गुरुजी.” मला बरं वाटलं होतं.

बाहेर कप वाजले. हा कागद मी सोडून कुणी पाहिला नव्हता. ग्यानोबा वारला. गठ्ठा पुन्हा बांधून ‘सापडलं नाही’ म्हटलं असतं तर कुणी मला खोटं पाडलं नसतं. सालेहाबाई हळहळल्या असत्या, एवढंच.

इंदू दारात आली. “चहा झाला. सापडलं का?”

“बघतोय अजून,” मी म्हणालो.

ती गेली. अडीच वाजून गेले होते. मी खोटं बोललो होतो, आणि ते किती सहज निघालं याचीच मला भीती वाटली. मी आणखी दोन गठ्ठे उगाच सोडले. मग उठलो. कागद घेऊन बाहेर आलो आणि सालेहाबाईंच्या पुढ्यात ठेवला.

त्यांनी दोनदा वाचला. “ही रेघ कुणाची?”

“माझी.”

“का काढली?”

“एक ओळ जास्त होती.”

मग त्यांनी पानाच्या वरच्या भागावर बोट ठेवलं. “इथं अध्यक्षांच्या सत्काराच्या सात ओळी हायत. हारसुद्धा सोडला न्हाई. त्यातली न्हाई सापडली?”

इंदू भिंतीकडे बघत होती.

मी लातूरला फोन लावला. तिसऱ्या वेळी लागला.

“गुरुजी, आता? प्लेटी निघाल्या!” शिवकुमार ओरडले.

“ते पान थांबवा. लेखिकेचं बरोबर आहे. चूक माझी.”

“तुमचीच शंका होती ना?”

“शंकाच चुकली. तिच्या आधीचीही एक चूक आहे.” मी अडखळत सांगितलं. पलीकडे यंत्राची घरघर ऐकू येत होती.

“मूळ मजकूर मी घालतो, गुरुजी. पण माधवरावांचा नातू आलोक उद्या स्मरणिका घेऊन माझ्या दारात येईल. त्याला काय दाखवू? खाली तळटीप लागंल. चूक कुणी केली, कशी केली. नावासकट. नाव द्यायचं नसंल तर पान आहे तसं जाऊ द्या. अर्ध्या तासात सांगा.”

चाळीस वर्षांत माझं नाव एकाही पुस्तकात छापलं गेलं नव्हतं. मला ते नकोच होतं. सालेहाबाई माझ्या तोंडाकडे बघत होत्या. विनंती करत नव्हत्या.

“लिहून घ्या,” मी म्हणालो, आणि तळटीप सांगितली. शेवटी पूर्ण नाव सांगितलं. माझाच आवाज मला परका वाटला. इंदूनं कागदाचा फोटो काढून पाठवला.

मला वाटलं संपलं. पण सालेहाबाईंनी स्वतःचा फोन लावला, स्पीकर सुरू केला आणि माझ्याकडे दिला. “आता अब्बांना सांगा. मी सांगितलं तर म्हणतील, पोरगी मन राखायला बोलून राहिली. जोरात बोला. ऐकायला कमी येतं.”

मी हळू सुरुवात केली.

“कोन?” पलीकडून आवाज आला.

मी आवाज चढवला. शेजारच्या गच्चीवर कपडे वाळत घालणारी बाई थांबून ऐकू लागली. मी ओरडून सांगितलं की ओळ मी काढली, तुमचं नाव मी काढलं, पुस्तकं तुम्हीच बांधली.

पलीकडे खोकला झाला. मग ते म्हणाले, “म्हंजे मला बरोबर आठवून राहिलं होतं?”

“बरोबर. तुमचं सगळं बरोबर होतं.”

“वाचा ती लाईन.”

मी तिन्ही ओळी मोठ्यानं वाचल्या.

“सातशे न्हाई,” ते म्हणाले.

“काय?”

“भिजली सातशे. बांधली सहाशे बत्तीस. बाकीची चिकटून इटा झाल्ती. लई केलं, पण न्हाई सुटली. ती पुरली आम्ही, मी आन् माधवरावांनी. ते बी लिवा. सातशे लिवलं तर खोटं व्हईल.”

सालेहाबाईंनी फोन जवळ ओढला. “अब्बा, ये मेरे कू कभी बोले नै?”

“तू पूछी कब?”

सव्वातीन वाजले होते. मी पेन्सिल घेतली, आकडा लिहिला आणि सलीमभाईंना तो पुन्हा एकदा सांगायला लावला. मग सालेहाबाईंना त्यांचा फोन परत दिला आणि माझ्या फोनवरून शिवकुमारांचा नंबर लावला.