रंगूबाईनं सांगितलेला शेवट

मित्रांनो, मी एक जुनी सागवानी पेटी आहे. माझी कडी गंजली आहे आणि झाकण नीट बसत नाही. तरी मला थोडे बोलू द्या.

सांगलीच्या एका सुताराने मला गुणमालाच्या लग्नासाठी घडवले. माझ्यात लुगडी जातील असे तिच्या आईला वाटत होते. गुणमालाने लुगडी गाठोड्यात बांधली आणि माझ्यात आपली पुस्तके भरली. पलूसकडच्या एका खेड्यात तिचे सासर होते. सासरे रामगोंडा धान्याचे व्यापारी; बोलायला कडक, मनाने मऊ. सून दुपारी ओट्यावर वाचत बसते हे पाहून त्यांनी एकच अट घातली.

"वाचायचं तर मोठ्यांदा वाच. आमालाबी कळू दे, काय हाय त्यात."

मग बायका जमू लागल्या. कुणी शेंगा फोडी, कुणी डाळ निवडी. माझे झाकण उघडले की सगळ्या गप्प होत. त्यांत रंगूबाई सर्वांत पुढे. तिचा एकुलता मुलगा केरबा पलटणीत होता आणि समुद्रापार लढाईवर गेला होता.

त्या दिवसांत गुणमाला कोकणातल्या एका नावाड्याच्या बायकोची गोष्ट वाचत होती. पुस्तक नवे होते. तिनेही पुढचे वाचलेले नव्हते. वादळात गलबत फुटते, आणि ती बाई ओळखदेख नसलेल्या माणसांसाठी एकटीच होडी पाण्यात घालते. रंगूबाईच्या हातातली शेंग तशीच राहिली.

"परक्यांसाठी गेली व्हय ती?"

"हो, मावशी."

"मग तिकडं माज्या केरबासाठीबी कुणीतरी जात असंल."

गुणमालाने पान उलटले.

ते बेचाळीसनंतरचे दिवस. भूमिगत माणसांच्या शोधात पोलीस गावोगाव फिरत होते. रामगोंडांच्या ओट्यावर रोज सभा भरते, असे कुणीतरी जाऊन सांगितले. एका सकाळी फौजदार शिपाई घेऊन दारात उभा राहिला. रामगोंडांचा चेहरा उतरला. शिपायांनी मला ओढत बाहेर आणले. तेवढ्यात रंगूबाई आली आणि सरळ माझ्या झाकणावर बसली. तिचा आवाज हलला नाही.

"सायेब, माजा ल्योक तुमच्याच सरकारच्या लढाईवर हाय. त्याच्या आईला उठवायचं असंल तर उठवा."

फौजदार खाली बघत म्हणाला, "बाई, मला हुकूम आहे."

शिपाई पुढे झाला तेव्हा गुणमालाने रंगूबाईचा हात धरला. "उठा, मावशी. पुस्तकं गेली तर जाऊ देत. तुम्हाला काही झालं तर आम्ही काय करायचं?"

रंगूबाई उठली. पुस्तके गाडीतून गेली ती परत आलीच नाहीत. मी जड, म्हणून मला तिथेच उपडे टाकले. माझी एक बिजागरी तेव्हा मोडली.

पुढे माझ्यात तूर भरली. तूर काही वाईट नसते, पण ती बोलत नाही. ओटा ओस पडला. मला वाटले, आपले दिवस सरले.

एका दुपारी रंगूबाई सुपात शेंगा घेऊन आली आणि जागेवर बसली. "वाच की, पोरी."

"कशातनं वाचू, मावशी?"

"मग मी सांगते. तू ऐक."

तिने सुरुवात केली. हळूहळू बाकीच्याही आल्या आणि विसरलेले जोडू लागल्या. पण त्यांनी समुद्र पाहिलाच नव्हता. समुद्राची कृष्णा नदी झाली, काठावर बाभळी उगवल्या. त्यांतल्या शालूबाईने आपल्या बापाने महापुरात उडी घालून शेजाऱ्याचा बैल कसा काढला ते मध्येच घुसडले. गलबतावरच्या एका तरुणाला केरबा हे नाव कधी पडले, कुणालाच कळले नाही. गुणमालाने चूक सुधारायला तोंड उघडले, आणि मिटले. ती आत गेली, कागद घेऊन आली आणि लिहू लागली.

शेवट मात्र कुणालाच ठाऊक नव्हता. सगळ्या रंगूबाईकडे पाहू लागल्या.

"ती माघारी आली," रंगूबाई म्हणाली. "एकटी न्हाई. त्याला घिऊन आली."

ती पाने माझ्यात आली आणि तूर पुन्हा कणगीत गेली. आसपासच्या वाड्यांवरच्या बायका ती गोष्ट मागून नेत, कुणाकडून तरी वाचून घेत, परत आणून देत.

लढाई संपता संपता इटलीहून खबर आली. केरबा तिथे कामी आला होता.

बरेच दिवस ओट्यावर कुणी वाचले नाही. मग रंगूबाई पुन्हा येऊ लागली. गुणमालाने भीत भीत विचारले, "मावशी, गोष्टीतलं ते नाव काढू का? आणि शेवटही?"

रंगूबाईने हातातली शेंग फोडली. "नगं. कुणाच्यातरी केरबाला ती आणंल. ऱ्हाऊ दे तसंच." मग पदराने तोंड पुसून म्हणाली, "वाच आता."

गुणमालाने वाचले. रंगूबाईने शेवटपर्यंत ऐकले.

मित्रांनो, आज मी माळ्यावर आहे. मला पुसून ठेवा असे मी म्हणणार नाही. लाकूड म्हटले की वाळवी आलीच. पण घरातले म्हातारे माणूस गोष्ट सांगू लागले, तर "ठाऊक आहे" म्हणून उठू नका. आणि एखादे पुस्तक आवडले, तर ज्याला वाचता येत नाही त्याच्याजवळ बसून मोठ्याने वाचा. त्याच्या मनात कोण परतायचे राहिले आहे, हे आपल्याला ठाऊक नसते.