टिचबटणांची पँट

किसुमू शहराच्या बाजारात अडोयोच्या शिवणाला तोड नाही, हे तिच्या वाईटावर असलेलेही कबूल करत. तीही कधी नाही म्हणाली नाही. टेकडीवरच्या शाळेचे गणवेश गेली बारा वर्षं तिच्याच मशीनवर शिवले जात होते.

यंदा पोरांना नळीसारख्या पँटींचं खूळ लागलं. उपमुख्याध्यापक ओबुरा सर दर सोमवारी फाटकात सोड्याची काचेची बाटली घेऊन उभे राहायचे. बाटली पँटच्या मोहरीतून वर गेली तर ठीक, अडली तर कात्रीनं पँट गुडघ्यापर्यंत उभी फाडायचे. पोरं ती लक्तरं घेऊन अडोयोकडे यायची आणि तिच्या जिवाला लागायचं. आपण जीव ओतून शिवायचं आणि या बाबानं फाडायचं, म्हणजे काय!

तिनं शिवणीच्या आतून टिचबटणांची रांग लावली. लावली की नळी, उघडली की पायजमा. महिनाभर बाटली सुखानं आत गेली. मग एका सोमवारी फाटकाबाहेर पन्नास पोरं बटणं उघडायला एकदम वाकली, टिचटिच ऐकू आलं आणि सरांना सगळा डाव कळला.

दुपारचं जेवण उरकून ते बाटलीसकट तडक दुकानात आले आणि एक जप्त पँट तिच्यापुढे टाकली. गणवेशाचं काम आता दुसऱ्याला देतो, म्हणाले. ते काम गेलं की दुकानाला कुलूप. अडोयोचा आवाज मात्र हलला नाही.

“सर, तुमचा नियम काय?”

“बाटली गेली पाहिजे.”

“मग बाटली घालून बघा की.”

तिनं बटणं उघडली, बाटली गेली. सर रागानं पँट उचलायला वाकले. पोटात भरपेट मक्याच्या पिठाची उगाली आणि मासा. त्यांच्याच पँटच्या कमरेचा हूक तुटून मशीनखाली उडाला. दोन्ही हातांनी कंबर धरून ते उभे राहिले. अर्ध्या तासात त्यांना वर्गावर जायचं होतं.

अडोयो हसली नाही. तिनं पडदा ओढला, आतून त्यांची पँट मागून घेतली आणि कमरेला टिचबटणांच्या दोन रांगा लावल्या. एक जेवणाआधीची, एक जेवणानंतरची.

“दुसऱ्या शिंप्याला हे जमतं का, तेवढं विचारून घ्या,” ती म्हणाली.

गणवेशाचं कापड आठवड्याभरात तिच्याच दुकानात आलं. सोमवारी सर बाटली घेऊन फाटकात होतेच, पण सगळी पोरं वाकून उठेपर्यंत ते आभाळाकडे बघत राहिले.