घाईनं फिरवलेला ऊद

मित्रांनो, शारजाच्या या जुन्या घरात काचेच्या पेटीत बसलेली ऊददाणी आहे ना, ती मी. बाभळीच्या लाकडाची, आतून पत्रा लावलेली, पितळी खिळे ठोकलेली. भिंतीवर माझी माहिती लिहिली आहे. माझ्या हातून काय घडलं, ते मात्र तिथे लिहिलेलं नाही. ते मीच सांगते.

आमच्याकडे बैठक संपत आली की निखाऱ्यावर ऊद टाकून मला सगळ्यांपुढून फिरवतात. पाहुणे धूर दाढीला, कपड्यांना लावून घेतात आणि उठतात. त्यानंतर बसून राहणं म्हणजे निव्वळ निर्लज्जपणा. आणखी एक रीत आहे. पाहुण्यानं कॉफीचा पेला न पिता खाली ठेवला, की समजायचं, त्याला काहीतरी मागायचं आहे. यजमानानं ‘दिलं’ म्हणावं, मगच तो पितो.

सुतारानं मला शम्साच्या लग्नासाठी घडवलं. ती मला रोज पुसायची, राख साठू द्यायची नाही. शम्साकडचा ऊद गल्लीच्या तोंडापर्यंत दरवळतो, असं लोक म्हणायचे आणि मी मनातल्या मनात फुगायचे. बाई गं, किती तो तोरा होता मला!

शम्साला आईबाप नव्हते. होता तो धाकटा भाऊ खल्फान, वीस वर्षांचा. तो सालमीनमामाच्या गलबतावर पहिल्यांदाच बसऱ्याला निघाला होता. निघायच्या दिवशी त्याच्यासाठी बैठक भरली. खल्फाननं पेला तोंडाला न लावताच खाली ठेवला. शम्सानं ते पाहिलं, मीही पाहिलं. पण मामा दारात घाई करत होते, ओहोटी लागली म्हणून कुरकुरत होते. शम्साला वाटलं, पोरगं काय मागणार, नवी चप्पल नाहीतर शेजारची पोरगी. परत आला की विचारू. तिनं मला उचललं आणि थेट त्याच्यापुढे धरलं.

खल्फाननं एकदा बहिणीकडे पाहिलं. मग धूर कोवळ्या दाढीला लावला आणि उठला.

गलबत बसऱ्याला पोचलंच नाही.

त्यानंतर शम्सानं मला कधी पेटवलं नाही. कोनाड्यात ठेवलं आणि पुसायचंही सोडून दिलं. तिच्याकडे आलेल्यांना उठायचं कधी तेच कळेना. शेजारची हमदा टोमणा मारायची, शम्साकडे जायचं तर अंथरूण बरोबर घ्या. शम्सा ऐकून घ्यायची. दर दुपारी खल्फान बसायचा त्या जागी ती एक पेला भरून ठेवायची. मला त्या जागेकडे बघवत नसे. तिथून कुणीतरी माझ्याकडेच पाहतंय, असं वाटायचं. खरंच सांगते, मला भीती वाटायची.

साठ-पासष्ट वर्षं अशीच गेली. भराव घालून समुद्र दूर लोटला, त्यावर काचेचे मनोरे उभे राहिले. आमचं घर पाहुण्यांना दाखवण्यासाठी डागडुजी करून तसंच ठेवलं. शम्साची नात अफरा तिथे माहिती सांगू लागली. पहिल्या दिवशी तिनं आजीलाही आणलं. पाहुण्यांनी कॉफी पिऊन, पेले हलवून पुरे म्हटलं. खल्फानच्या जागी आजीनं भरायला लावलेला पेला तसाच होता. अफरा निखारे घालून मला घेऊन आली. शम्सानं तिचं मनगट धरलं.

“थांब गं. त्याचा पेला भरलेला आहे.”

“आजी, तिथे कुणी नाहीये.”

“तुला नसेल दिसत. मला त्याला उत्तर द्यायचंय.”

ती त्या रिकाम्या जागेकडे वळली.

“दिलं रे खल्फान. जायचं नव्हतं ना तुला? नको जाऊस. बस इथेच.”

मग तिनं आपल्या पेल्यातली कॉफी माझ्या निखाऱ्यांवर ओतली. मी चर्र करून विझले. पाहुणे अवघडून एकेक करत निघून गेले. शम्सा अंधार पडेपर्यंत बसून होती. आठवड्याभरात ती वारली.

अफरा आता ऊद दुसऱ्या भांड्यात जाळते, तोही दाराबाहेर. संध्याकाळी बैठकीतली गादी झटकून सरळ करते, कुलूप लावते. सकाळी दार उघडतं तेव्हा गादीवर दोन खळगे असतात, शेजारी शेजारी. अफरा संध्याकाळपर्यंत त्यांना हात लावत नाही.

मित्रांनो, तुमच्या घरातही कुणी भरला पेला खाली ठेवेल. त्याला निरोप द्यायच्या आधी एकदा विचारा. माझ्यासारख्या ऊददाणीला तोंड नाही, तुम्हाला आहे.